दोन बहिणी, एक घर, दोन रांगा

(१९९५ च्या दहावीच्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात, डिसेंबर २०२५ मध्ये केलेलं भाषण)



तीस वर्षांनी या पटांगणावर उभी आहे आणि समोर सगळे ओळखीचे चेहरे आहेत, फक्त केस कमी आणि चष्मे जास्त. संयोजकांनी मला फोन केला तेव्हा म्हणाले, "तू अमेरिकेतल्या यशाबद्दल बोल." मी म्हटलं, त्यावर बोलायला इथे माझ्यापेक्षा लायक पाचजण तरी आहेत. मी माझ्या दोन मुलींबद्दल बोलते. त्यांची नावं घेणार नाही, कारण या भाषणाचं रेकॉर्डिंग त्या बघणार आहेत. आपण त्यांना थोरली आणि धाकटी म्हणू.

आधी थोडा हिशोब. इथून बारावी करून मी सांगलीला इंजिनिअरिंग केलं, २००१ साली पुण्यात नोकरीला लागले, २००३ मध्ये लग्न झालं. नवरा डॉक्टर. पहिलं बाळंतपण माहेरी, या आपल्या रीतीप्रमाणे मी तासगावला आले आणि २००५ च्या एप्रिलमध्ये थोरली मिरजेत जन्मली. २००७ साली नवऱ्याला शिकागोत पुढच्या शिक्षणाची जागा मिळाली. आम्ही तिघं गेलो. २००९ मध्ये धाकटी तिथेच जन्मली. एक मिरजेची, एक शिकागोची. तेव्हा आम्हाला यात फक्त गंमत वाटली होती.

तुम्ही म्हणाल, मग शिकागो सोडून खेड्यात कशाला गेलात? त्याचं कारण एक कायदा आहे. परदेशातून अशा प्रशिक्षणाच्या व्हिसावर आलेल्या डॉक्टरने शिक्षण संपलं की दोन वर्षं मायदेशी जायचं, असा नियम असतो. पण अमेरिकेच्या खेड्यांत डॉक्टर मिळत नाहीत. म्हणून १९९४ साली नॉर्थ डकोटाचे सिनेटर केंट कॉनरॅड यांच्या पुढाकाराने एक सवलत आली. डॉक्टरांची कमतरता असलेल्या भागात तीन वर्षं काम करा, मग परत जाण्याची अट माफ. आज प्रत्येक राज्याला वर्षाला असे तीस डॉक्टर घेता येतात. अमेरिकेच्या कुठल्याही आडगावच्या दवाखान्यात तुम्हाला रेड्डी, पटेल, कुलकर्णी अशी पाटी दिसली, तर त्यामागे बऱ्याचदा हा कायदा असतो.

असे आम्ही २०१० साली आयोवा राज्यातल्या काही हजार वस्तीच्या गावात आलो. थोरली पाच वर्षांची, धाकटी एक.

आयोवा म्हणजे मका आणि सोयाबीन. क्षितिजापर्यंत मका. गावाच्या मध्यावर कोर्टाची जुनी इमारत, एका टोकाला धान्य साठवायचे उंच कोठार, दुसऱ्या टोकाला पाण्याची टाकी आणि तिच्यावर गावाचं नाव. हिवाळ्यात उणे पंचवीसपर्यंत थंडी. भारतीय किराणा दुकान दीड तासावर, त्यामुळे महिन्यातून एकदा जाऊन मेथी, खोवलेलं खोबरं, कढीपत्ता असं सगळं आणून फ्रीजरमध्ये कोंबायचं. पहिल्या हिवाळ्यात एका सकाळी उठून बघते तर आमच्या दारातला बर्फ कोणीतरी ट्रॅक्टरने काढून ठेवलेला. शेजारचे शेतकरी आजोबा. त्यांना धन्यवाद द्यायला गेले तर म्हणाले, डॉक्टरची गाडी बाहेर निघायला हवी ना. त्यानंतर पंधरा वर्षं, ते असेपर्यंत आणि आता त्यांचा मुलगा, आमच्या दारातला बर्फ आम्ही कधी काढलेला नाही. हे मी मुद्दाम आधी सांगते, कारण पुढे जे सांगणार आहे त्यावरून त्या माणसांबद्दल गैरसमज नको.

शाळेत आमच्या मुली सोडून भारतीय कोणी नव्हतं. थोरली पहिल्या दिवशी पिवळ्या बसमध्ये चढली ती एकटी. दुपारी घरी आली आणि तिने मला तीन गोष्टी सांगितल्या. डब्यात पोळीची गुंडाळी चालते, पण लोणचं नको. कुंकू लावून जायचं नाही, कारण सगळ्यांना वाटतं लागलंय आणि नर्सकडे नेतात. आणि आपलं नाव पहिल्यांदा हळू सांगायचं. चार वर्षांनी धाकटी त्याच बसमध्ये चढली तेव्हा तिला हे सगळं आधीच माहीत होतं. थोरलीने तिला आदल्या रात्री बसवून शिकवलं होतं. शिवाय धाकटी बसमध्ये सारखी "ताई, ताई" म्हणून हाक मारायची, त्यामुळे सगळ्या शाळेला वाटलं, हेच तिचं नाव. आजही त्या गावात अर्धे लोक माझ्या थोरलीला ताई म्हणतात. साठ वर्षांचे बसचे ड्रायव्हरसुद्धा.

मराठीचंही तसंच झालं. थोरली स्वच्छ बोलते, देवनागरी सावकाश वाचते. धाकटीला सगळं समजतं, पण उत्तर इंग्रजीत येतं. आजीचा फोन आला की थोरली मध्ये बसायची. आजी मराठीत, धाकटी इंग्रजीत आणि थोरली दुभाषी. आजीने कितीही रागावून काही सांगितलं, तरी धाकटीपर्यंत ते गोड होऊनच पोचायचं.

मला स्वतःला पहिली पाच वर्षं नोकरी करता येत नव्हती. नवऱ्याच्या व्हिसावर अवलंबून असलेल्या बायकोला कामाची परवानगी नव्हती. २०१५ साली नियम बदलला आणि ज्यांचा ग्रीन कार्डचा अर्ज एका टप्प्यापर्यंत पोचला आहे त्यांच्या जोडीदारांना परवानगी मिळाली. तेव्हापासून मी घरून सॉफ्टवेअरचं काम करते. त्या पाच वर्षांत शाळेच्या लायब्ररीत पुस्तकं लावली, मुलांना गणित आणि रोबो शिकवले. गावात माझी ओळख अजूनही "रोबोवाल्या बाई" अशीच आहे.

आता मुद्द्यावर येते.

आयोवात मुलं चौदा वर्षांची झाली की उन्हाळ्यात एका कामाला जातात. मक्याचे तुरे काढायला. इथे शेतकरी मंडळी बसली आहेत, त्यांना जास्त सांगायला नको. संकरित बियाण्यासाठी शेतात दोन जातींच्या ओळी आलटून पालटून लावतात. मादी ओळींचे तुरे परागकण पडायच्या आत काढावे लागतात, म्हणजे कणसावर दुसऱ्या जातीचेच परागकण बसतात. बरेचसे तुरे यंत्राने निघतात, राहिलेले हाताने काढायचे. जुलैमधले तीनेक आठवडे. पहाटे पाचला बस येते. मका डोक्याच्या वर, पानांवर दव, पानांच्या कडांनी हात कापतात, अकरानंतर ऊन भाजून काढतं. पण तिथल्या मुलांच्या दृष्टीने ही आयुष्यातली पहिली कमाई. डॉक्टरची मुलं जातात, वकिलाची जातात, शेतकऱ्याची तर जातातच. त्या गावात तुम्ही तुरे काढायला गेलात की तुम्ही मोठे झालात.

२०१९ साली थोरली चौदा वर्षांची झाली. मैत्रिणींनी नावं दिली. ती फॉर्म घेऊन आली. फॉर्मवर सोशल सिक्युरिटी नंबर हवा होता, जो तिच्याकडे नव्हता, आणि कामाचा परवाना, जो तिला मिळूच शकत नव्हता. बायकांसाठी नियम बदलला होता, मुलांसाठी नाही. मी तिला स्वयंपाकघरात बसवून समजावलं. तिने सगळं ऐकलं आणि विचारलं, "आई, पण माझं काय चुकलं?" मी म्हटलं, काहीच नाही. ती म्हणाली, "मग धाकटी जाऊ शकेल?" मी म्हटलं, हो. ती जरा वेळ गप्प बसली आणि म्हणाली, "तिला आत्ता सांगू नको."

एका घरातल्या दोन बहिणी. एकीच्या पासपोर्टवर सिंह, दुसरीच्या पासपोर्टवर गरुड. दोघींनी एकाच शाळेत रोज सकाळी छातीवर हात ठेवून अमेरिकेच्या झेंड्याची शपथ म्हटली. दोघींना एकाच गावचे सगळे रस्ते पाठ. मुंबईच्या विमानतळावर उतरलो की थोरलीची रांग भारतीयांची आणि धाकटीची परदेशी नागरिकांची. परत शिकागोला उतरलो की उलट. बहुतेक वेळा अधिकारी कुटुंबाला एकत्र सोडतात, पण रांगांवरच्या पाट्या दोघी वाचतातच. थोरलीच्या गाडीच्या लायसन्सची मुदत तिच्या व्हिसाच्या तारखेला संपते. धाकटीच्या लायसन्सला तसली भानगड नाही.

२०२० सालची एक गोष्ट सांगते. करोनाचे पहिले महिने. नवरा रोज दवाखान्यात, घरी आला की तळघरात. जेवणाचं ताट जिन्यावर ठेवायचं. दोन महिने मुलींनी वडिलांना फक्त खिडकीतून बघितलं. एका रात्री थोरली माझ्या शेजारी येऊन झोपली. पंधरा वर्षांची होती. हळू आवाजात म्हणाली, "बाबांना काही झालं तर आपला व्हिसा संपतो ना? मग आपण दोघी जायचं. पण धाकटी अमेरिकन आहे. तिला इथे राहता येईल. तिला कोण सांभाळेल?" बाप आजारी पडेल याची भीती प्रत्येक डॉक्टरच्या घरात होती. आमच्या घरात एका मुलीने त्याच्या पुढचा हिशोबही मनात करून ठेवला होता. मी तिला म्हटलं, आपण तिला घेऊनच जाऊ. ती म्हणाली, "तिला तिथे मराठी बोलता येणार नाही." आणि दुसऱ्या दिवसापासून तिने धाकटीशी फक्त मराठीत बोलायला सुरुवात केली. धाकटीला वाटलं, लॉकडाऊनमधला नवा खेळ.

तो खेळ वर्षभर चालला. धाकटीला आज जे काही मराठी बोलता येतं ते त्यातलंच.

आता मी इंजिनिअर म्हणून ही रांग तुम्हाला समजावून सांगते, कारण इथल्या बऱ्याच जणांना वाटतं की पंधरा-अठरा वर्षं तिथे राहिलं की नागरिकत्व आपोआप मिळतं. तसं नाही. ग्रीन कार्डांची संख्या वर्षाला ठरलेली असते आणि त्यातली साधारण सात टक्क्यांपेक्षा जास्त एका देशात जन्मलेल्यांना देत नाहीत. आइसलँड आणि भारत, दोघांना मर्यादा एकच. आमच्यासारखे अर्ज करणारे भारतीय लाखोंनी आहेत, त्यामुळे आपली रांग वर्षानुवर्षं लांबते. दवाखान्याने आमचा अर्ज २०१४ साली केला. आज आमच्या गटात २०१३ च्या अर्जांचा नंबर चालू आहे. ऐकायला वाटतं, आता एकच वर्ष राहिलं. पण ही तारीख कधी सरकते, कधी महिनोन्महिने थांबते, कधी मागेसुद्धा जाते.

आणि यात एक अट आहे. आईबापांच्या अर्जात मूल एकवीस वर्षांचं होईपर्यंतच धरलं जातं. अर्ज मंजूर व्हायला जितके दिवस लागले तेवढे वयातून वजा करतात, ते आमच्या बाबतीत काही महिनेच आहेत. थोरली येत्या एप्रिलमध्ये एकवीसची होते. तोवर नंबर आला नाही, तर ती आमच्या अर्जातून बाहेर. पुढे आमचं ग्रीन कार्ड आलं तरी त्यात ती नसेल. तिला परदेशी विद्यार्थिनी म्हणून नवा व्हिसा घ्यावा लागेल, नाहीतर देश सोडावा लागेल. दोन वर्षांची असताना ज्या देशात गेली, तिथे ती एकविसाव्या वर्षी नव्याने आलेली विद्यार्थिनी होईल. तिच्यासारखी मुलं तिथे पुष्कळ आहेत. २०१२ साली लहानपणी आलेल्या मुलांसाठी जी सवलत आली, तिच्यात ही मुलं बसत नाहीत, कारण ती सवलत कागद नसलेल्यांसाठी होती. ह्यांचे कागद कायम व्यवस्थित होते.

पण थोरली रडत बसलेली नाही. ती एम्सच्या आयोवा स्टेट विद्यापीठात शेतीशास्त्र शिकते. विषय विचाराल, तर मक्याचं बियाणं. ज्या शेतात तिला मजुरी करता आली नाही, त्याच पिकाचा ती अभ्यास करते. अभ्यासाचा भाग म्हणून तुरेही काढते, बिनपगारी. सरकारी शिष्यवृत्ती आणि कर्ज तिला मिळत नाही, ते आम्ही भागवतो.

एम्सचं नाव ऐकून मराठीच्या बाईंच्या डोळ्यांत काहीतरी चमकलेलं मला इथून दिसलं. बरोबर आहे, बाई. आठवीत तुम्ही लायब्ररीतून मला 'एक होता कार्व्हर' दिलं होतंत. वीणा गवाणकरांचं ते पुस्तक वाचलं नाही असं इथे क्वचितच कोणी असेल. तेच हे एम्स. डॉ. जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर यांना कॅन्ससमधल्या एका कॉलेजने प्रवेश देऊन, रंग बघितल्यावर दारातून परत पाठवलं होतं. मग आयोवाने त्यांना घेतलं. आधी सिम्प्सन कॉलेज, मग एम्स. १८९४ मध्ये पदवी, १८९६ मध्ये एम. एस. त्यांच्या नावाची इमारत आज तिथे आहे. थोरलीला सोडायला गेलो तेव्हा मी त्या इमारतीसमोर उभी राहून फोटो काढून घेतला. मुलींना कळेना, आईला या विटांच्या इमारतीचं एवढं काय. मी त्यांना सांगितलं, आमच्या तासगावात या माणसाला सगळे ओळखतात. धाकटी म्हणाली, "आमच्या वर्गात निम्म्या मुलांना माहीत नाही." आता सुट्टीत थोरली ते पुस्तक मराठीतून वाचते आहे. दिवसाला दोन पानं.

धाकटीचं सांगते. २०२३ साली ती चौदाची झाली. तोपर्यंत तिला सगळं कळलेलं होतं. फॉर्म आला तेव्हा ती म्हणाली, मी नाही जाणार, ताईला जाता आलं नाही. थोरलीने तिच्या हातून फॉर्म घेतला, स्वतः भरला आणि मला सही करायला दिला. तीन आठवडे रोज पहाटे साडेचारला उठून थोरली तिला गाडीने बस थांब्यावर सोडत होती. लांब बाह्यांचा शर्ट, हातमोजे, दवापासून अंग झाकायला कचऱ्याची प्लास्टिकची पिशवी, आणि डब्यात पोळीची गुंडाळी. पहिला पगार आला तेव्हा धाकटी चिडली, कारण त्यातून कर कापला होता. थोरलीने शेजारी बसून तिला पगाराची चिठ्ठी ओळ न् ओळ समजावून सांगितली. मी ओट्यापाशी उभी राहून ऐकत होते. जिला स्वतःला असली चिठ्ठी कधी मिळाली नाही, ती हे कुठून शिकली, देव जाणे.

गेल्या वर्षी धाकटीने जाहीर केलं, "मी एकवीसची झाले की ताईला स्पॉन्सर करणार." अमेरिकन नागरिकाला भावंडासाठी अर्ज करता येतो, हे खरं आहे. ती इंटरनेटवर बघायला बसली. भारतीय भावंडांच्या रांगेत सध्या २००६ सालचे अर्ज चालू आहेत. ती २०३० मध्ये अर्ज करील. तिने कागदावर बेरीज केली आणि कागद ताईला दाखवला. थोरली म्हणाली, "म्हणजे मी पंचेचाळीसच्या पुढे. आईएवढी. चालेल, तोपर्यंत तू मला भेटायला ये." दोघी इतक्या हसल्या की नवरा वरून खाली बघायला आला. मला हसू आलं नाही. पण त्या दोघींना येतंय, हे बघून बरं वाटलं.

एप्रिलमध्ये काय होईल ते मी आज सांगू शकत नाही. विद्यार्थी व्हिसाचा अर्ज तयार आहे. थोरलीने दुसरीही एक यादी केली आहे, त्यात राहुरी आणि दापोलीच्या कृषी विद्यापीठांची नावं आहेत. ती म्हणते, "मका तिथेही आहे, आणि आजीही." मी तिला कुठल्याच बाजूला ढकलत नाही.

मित्रमैत्रिणींनो, आपल्यातल्या बऱ्याच जणांची मुलं आता परदेशी आहेत किंवा जायच्या तयारीत आहेत. त्यातल्या काहींची कडेवर बाळं आहेत. माझं एवढंच सांगणं आहे की पगार, घरभाडं, हवामान यांचा हिशोब करता, तसा त्या बाळाच्या वयाचाही करा. ते एकवीसचं कधी होईल आणि तुमची रांग तेव्हा कुठे असेल, हा प्रश्न पहिल्या वर्षी विचारा. दवाखान्याला किंवा कंपनीला अर्ज लवकर करायला लावा. हे कोणी आपणहून सांगत नाही.

आणि इथे राहणाऱ्यांना एक विनंती. उद्या तिकडे वाढलेलं एखादं मूल तासगावात परत आलं, तर त्याला "का गं परत आलीस, जमलं नाही का?" असं विचारू नका. त्याचं काहीही चुकलेलं नसतं. त्याला द्राक्षबागेत न्या, बेदाण्याच्या शेडवर न्या, वाचायला पुस्तक द्या, आणि त्याच्या मराठीला हसू नका.

सर, बाई, तुम्ही आम्हाला एका बाकावर तिघंतिघं बसवलंत. कोण कुठल्या घरचं, हे न विचारता बसवलंत. माझ्या मुलींना तिकडच्या गावानेही तसंच बसवून घेतलं, याबद्दल मी त्या गावाची ऋणी आहे. कागदाने त्यांना वेगळं केलं, पण त्या दोघींनी एकमेकींना सोडलं नाही.

जेवणाची वेळ झाली आहे, आणि मागून आमटीचा वास येतो आहे. एवढं शांतपणे ऐकून घेतलंत, आठवीच्या वर्गात कधी घेतलं नव्हतंत.